दिलीप परुळकर

ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर (मृत्यू : १० ऑगस्ट २०२५, पुणे) हे भारतीय वायुसेनेतील लढाऊ वैमानिक होते. १९६५ आणि १९७१ या दोन्ही भारत-पाकिस्तान युद्धांत त्यांनी भाग घेतला. १९६५च्या युद्धात खांद्याला जखम झालेली असताना नादुरुस्त विमान तळावर परत आणल्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. १९७१च्या युद्धात त्यांचे विमान पाडले गेले आणि ते पाकिस्तानच्या ताब्यात सापडले. १२-१३ ऑगस्ट १९७२च्या रात्री त्यांनी दोन सहकाऱ्यांसह रावळपिंडी येथील युद्धकैद्यांच्या छावणीची भिंत फोडून पलायन केले. अफगाणिस्तानची सीमा सुमारे चार मैलांवर असताना हे तिघे पकडले गेले. या पलायनाच्या नेतृत्वासाठी त्यांना विशिष्ट सेवा पदक देण्यात आले.

सेवाप्रवेश

परुळकर मार्च १९६३मध्ये भारतीय वायुसेनेत अधिकारी म्हणून दाखल झाले. चीनबरोबरचे युद्ध संपून तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते आणि सैन्यदलांच्या विस्ताराला वेग आला होता. या काळात वायुसेनेत आलेल्या तरुण वैमानिकांच्या पिढीला सेवेच्या पहिल्या नऊ वर्षांतच दोन युद्धांना सामोरे जावे लागले. परुळकर याच पिढीचे होते.

१९६५चे युद्ध

सप्टेंबर १९६५मध्ये पाकिस्तानबरोबर युद्ध सुरू झाले तेव्हा परुळकर फ्लाइंग ऑफिसर या पदावर होते आणि ब्रिटिश बनावटीचे हंटर हे विमान चालवीत होते. हंटर हे एका वैमानिकाचे, एका इंजिनाचे जेट विमान होते. हवाई लढतींबरोबरच जमिनीवरील रणगाडे, वाहने आणि तोफा यांच्यावर मारा करण्यासाठी त्याचा मोठा उपयोग झाला. असा मारा करताना विमानाला बरेच खाली यावे लागते. त्यामुळे विमानविरोधी तोफांचा आणि मशीनगनचा धोका सर्वाधिक असतो.

अशाच एका मोहिमेत परुळकर यांच्या विमानाला जमिनीवरून झालेल्या गोळीबाराचा तडाखा बसला आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. लढाऊ विमानाची दिशा आणि उंची नियंत्रित करणारा दांडा वैमानिक उजव्या हाताने धरतो, तर इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा खटका डाव्या हाताशी असतो. उजव्या खांद्याची जखम म्हणूनच वैमानिकाला विशेष अडचणीची ठरते. तुकडीच्या नेत्याने त्यांना विमान सोडून हवाई छत्रीने उतरण्याचा सल्ला दिला. परुळकर यांनी तसे न करता नादुरुस्त विमान तळापर्यंत आणून उतरवले. या कामगिरीबद्दल त्यांना वायुसेना पदक देण्यात आले.

१९७१चे युद्ध

३ डिसेंबर १९७१ रोजी संध्याकाळी पाकिस्तानी वायुसेनेने भारताच्या पश्चिमेकडील विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटले. परुळकर तेव्हा फ्लाइट लेफ्टनंट होते आणि २६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ विमान चालवीत होते.

सुखोई-७ हे सोव्हिएत बनावटीचे विमान भारतीय वायुसेनेत १९६८पासून दाखल होऊ लागले. १९७१मध्ये त्याच्या सहा स्क्वाड्रन होत्या. ते कमी उंचीवर अतिशय वेगाने उडू शकत असे आणि त्याचा सांगाडा भक्कम होता. मात्र त्याचे एकमेव इंजिन इंधन फार वापरत असे. त्यामुळे त्याचा पल्ला मर्यादित होता आणि लक्ष्यावर घालवता येणारा वेळही थोडा होता. पश्चिम आघाडीवर भूसेनेला साहाय्य करण्याची मोठी जबाबदारी या विमानांवर होती. विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात ती वारंवार सापडत असल्याने पाकिस्तानच्या ताब्यात गेलेल्या भारतीय वैमानिकांत सुखोई-७ चालवणारे अनेक जण होते.

युद्धात विमान पडून आपण पकडले गेलो, तर पळून जाण्याचा प्रयत्न केल्याशिवाय राहणार नाही, असे परुळकर यांनी आपल्या स्क्वाड्रनमध्ये आधीच बोलून दाखवले होते. १० डिसेंबर १९७१ रोजी जफरवाल भागात त्यांचे विमान विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात सापडले. ते हवाई छत्रीने सुखरूप उतरले, परंतु शत्रूच्या हद्दीत, आणि लगेच पकडले गेले.

रावळपिंडीची छावणी

प्रारंभीच्या चौकशीनंतर भारतीय वैमानिकांना रावळपिंडी येथे पाकिस्तानी वायुसेनेच्या आवारातील एका छावणीत ठेवण्यात आले. तेथे एकूण बारा वैमानिक होते. विंग कमांडर बी. ए. कोएल्हो हे त्यांतील सर्वांत ज्येष्ठ अधिकारी. स्क्वाड्रन लीडर धीरेंद्र सिंग जाफा, ए. व्ही. कामत, एम. एस. ग्रेवाल, हरीश सिंहजी, जवाहरलाल भार्गव, व्ही. एस. चाटी आदींचा त्यांत समावेश होता. काहींना विमानातून बाहेर पडताना गंभीर दुखापती झाल्या होत्या.

सुरुवातीला कैद्यांना एकएकटे कोंडण्यात आले. पुढे त्यांना दिवसा एकत्र येण्याची, खेळण्याची आणि वाचनाची मुभा मिळाली. छावणीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांची वागणूक सौजन्याची होती. १९७१च्या नाताळात त्यांनी कैद्यांसाठी केक आणल्याची आठवण अनेकांनी नोंदवली आहे. काही महिन्यांनी उस्मान यांची बदली झाली आणि ते पाकिस्तानी वायुसेनाप्रमुखांचे एडीसी झाले. या नियुक्तीला पुढे अनपेक्षित महत्त्व आले.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडील लढाईही थांबली. कैदी मात्र परतले नाहीत. पूर्वेकडे भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त सैन्यापुढे शरण आलेल्या सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैद्यांचा प्रश्न बांगलादेशाच्या संमतीशिवाय सुटण्यासारखा नव्हता. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला, पण कैद्यांच्या परतीचा तपशील त्यात पुढील वाटाघाटींवर सोपवण्यात आला. सुटका कधी होणार हे रावळपिंडीतील वैमानिकांना सांगू शकेल असे कोणीही नव्हते.

पलायनाचा निर्णय आणि जिनिव्हा करार

युद्धकैद्याने पळून जाण्याचा प्रयत्न करणे हा आंतरराष्ट्रीय कायद्याने गुन्हा मानलेला नाही. युद्धकैद्यांना द्यावयाच्या वागणुकीसंबंधीचा तिसरा जिनिव्हा करार १२ ऑगस्ट १९४९ रोजी झाला. त्यातील तरतुदींनुसार पकडल्या गेलेल्या फरारी कैद्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि तिची मुदत ३० दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. पलायनासाठी सरकारी मालमत्तेची मोडतोड करणे, साधे कपडे घालणे किंवा खोटी कागदपत्रे वापरणे यांसाठीही, कोणावर हिंसाचार झाला नसेल तर, याहून मोठी शिक्षा देता येत नाही. पळणाऱ्या कैद्यावर शस्त्र चालवणे हा शेवटचा उपाय मानला असून त्यापूर्वी इशारा देणे बंधनकारक आहे. कैदी स्वतःच्या सैन्यात परतला किंवा त्याला कैद करणाऱ्या देशाच्या हद्दीबाहेर पडला, की पलायन यशस्वी झाले असे समजले जाते. परुळकर आणि त्यांचे सहकारी अफगाणिस्तानात पोहोचले असते, तर या व्याख्येनुसार ते मुक्त ठरले असते.

करारातील शब्द आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांत अंतर पडू शकते. दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४४मध्ये जर्मनीतील स्टालाग लुफ्ट ३ या छावणीतून दोस्तराष्ट्रांचे ७६ वैमानिक भुयारातून निसटले. त्यांपैकी केवळ तिघे कायमचे निसटण्यात यशस्वी झाले आणि पकडल्या गेलेल्यांपैकी ५० जणांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्याच महिन्यात अमेरिकन लढाऊ वैमानिक चक यीगर यांचे विमान फ्रान्सवर पाडले गेले, परंतु स्थानिक प्रतिकारकांच्या मदतीने ते पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये निसटले. रावळपिंडीच्या वैमानिकांना बाहेरून अशी मदत मिळण्याची शक्यता नव्हती. शिवाय तिघे निसटल्यावर मागे राहणाऱ्यांच्या सवलती जातील, त्यांच्यावर रोष ओढवेल, ही शंका होतीच. त्यामुळे पलायनाचा प्रश्न तिघांच्या धाडसापुरता नव्हता. ज्यांना जायचे नव्हते किंवा दुखापतींमुळे जाता येणार नव्हते, त्यांनाही त्याची किंमत मोजावी लागणार होती. तरीही त्यांतील अनेकांनी तयारीत मदत केली.

तयारी

परुळकर यांच्याबरोबर जाण्यास फ्लाइट लेफ्टनंट मलविंदर सिंग ग्रेवाल आणि फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी हे दोघे तयार झाले. छावणीतील पाच क्रमांकाच्या कोठडीची मागील भिंत फोडून बाहेर पडण्याचे ठरले. हाती लागलेल्या साध्यासुध्या अवजारांनी विटांमधील चुना-सिमेंट खरवडून एकेक वीट मोकळी करण्यात आली. काम रात्री चाले आणि त्या वेळी इतर कैदी पहारेकऱ्यांच्या हालचालींवर नजर ठेवत. बाहेरील बाजूचा गिलावा अखेरपर्यंत तसाच ठेवण्यात आला, त्यामुळे भिंत बाहेरून अभंग दिसत होती.

प्रवासाची सामग्रीही छावणीतच जमवण्यात आली. सुई चुंबकित करून होकायंत्र तयार झाले. वेगाने वळताना वैमानिकाच्या शरीरातील रक्त पायांकडे उतरू नये म्हणून जी-सूट नावाचा पोशाख घालतात. त्यातील हवेच्या पिशव्यांचा उपयोग पाणी नेण्यासाठी करण्यात आला. जिनिव्हा करारानुसार कैद अधिकाऱ्यांना दरमहा काही रक्कम मिळते. तिच्यातून प्रवासखर्चाचे पैसे बाजूला काढण्यात आले. स्थानिक पद्धतीचे कपडेही मिळवण्यात आले.

दिशा कोणती धरावी, हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. भारताची सीमा जवळ होती, परंतु युद्धानंतरही तेथे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी होती आणि जमिनीत सुरुंग पेरलेले होते. पश्चिमेकडे पेशावर आणि खैबर खिंडीतून गेल्यास अफगाणिस्तानची सीमा लागत होती. हा मार्ग लांबचा असला तरी तेथे सार्वजनिक वाहनांनी जाता येत होते. म्हणून पश्चिमेची दिशा नक्की झाली. वाटेत कोणी हटकल्यास आपण पाकिस्तानी वायुसेनेतील ख्रिस्ती कर्मचारी असून रजेवर फिरायला निघालो आहोत, असे सांगण्याचे ठरले. परुळकर यांनी फिलिप पीटर, तर सिंहजी यांनी हॅरोल्ड जेकब हे नाव घेतले. ग्रेवाल यांनी अली अमीर हे मुस्लिम नाव घेतले.

१२-१३ ऑगस्टची रात्र

१२ ऑगस्ट १९७२ हा शनिवार होता आणि सोमवारी, १४ ऑगस्टला, पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन होता. त्या मध्यरात्री वादळी हवा असताना तिघांनी भिंतीचा उरलेला गिलावा फोडला, एकामागून एक ते भोकातून बाहेर सरकले आणि आवाराची भिंत ओलांडून रस्त्यावर आले. रात्रीचा खेळ संपवून चित्रपटगृहातून लोक बाहेर पडत होते. त्या गर्दीत ते मिसळून गेले.

रावळपिंडीहून त्यांनी पेशावरची बस पकडली. ग्रँड ट्रंक रस्त्याने अटकेजवळ सिंधू नदी ओलांडून ते पहाटे पेशावरला पोहोचले. तेथून टांग्याने जमरूदच्या दिशेने आणि पुढे बसने खैबर खिंडीतून ते लंडी कोतलला गेले. १३ ऑगस्टच्या सकाळी ते तेथे उतरले, तेव्हा तोरखम येथील सीमा सुमारे चार मैल राहिली होती.

लंडी कोतल येथील अटक

लंडी कोतलच्या बाजारात बहुतेक पुरुषांच्या डोक्यावर टोपी होती. आपण बोडक्या डोक्यांनी वेगळे दिसत आहोत, हे लक्षात येताच त्यांनी टोप्या विकत घेतल्या. मात्र त्यांच्याजवळचा नकाशा जुना होता. सीमेलगतचे ठिकाण म्हणून त्यावर लंडी खाना हे नाव होते आणि त्यांनी लंडी खान्याची वाट विचारली.

खैबर रेल्वे १९२५मध्ये लंडी कोतलपर्यंत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती लंडी खान्यापर्यंत वाढवण्यात आली. परंतु लंडी खाना स्थानक डिसेंबर १९३२मध्येच बंद झाले. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्थानकाची चौकशी करणारे तीन परके तरुण संशयास्पद ठरले. तहसीलदार कचेरीतील एका कर्मचाऱ्याने त्यांना हटकले.

बांगलादेश स्वतंत्र झाल्यानंतर पश्चिम पाकिस्तानात अडकून पडलेले अनेक बंगाली लोक याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते. हे तिघेही तसेच असावेत असा प्रथम समज झाला. ठरलेली कथा सांगूनही संशय फिटला नाही आणि त्यांना तहसीलदारापुढे उभे करण्यात आले.

या सीमाभागात अनोळखी फरारी म्हणून काहीही घडू शकले असते. आपण कोण आहोत हे वायुसेनेतील एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याला कळले, तरच आपला जीव सुरक्षित राहील, असे परुळकर यांनी ओळखले. पाकिस्तानी वायुसेनाप्रमुखांच्या एडीसींशी दूरध्वनीवर बोलू द्यावे, अशी मागणी त्यांनी केली. एडीसी म्हणजे छावणीचे पूर्वीचे प्रमुख उस्मान हमीद. परुळकर यांचा आवाज ऐकताच उस्मान यांना सारा प्रकार लक्षात आला. ही आपलीच माणसे आहेत, त्यांना सांभाळून ठेवा, अशा अर्थाची सूचना त्यांनी तहसीलदाराला दिली. त्यानंतर पोलिटिकल एजंटसमोर तिघांनी आपण भारतीय युद्धकैदी असल्याचे सांगितले. त्यांना इजा न होता वायुसेनेच्या ताब्यात देण्यात आले.

सुटका

परत आणल्यानंतर तिघांना काही काळ एकांतात ठेवण्यात आले. रावळपिंडीतील वैमानिकांना पुढे लायलपूर, म्हणजे आजचे फैसलाबाद, येथील मोठ्या छावणीत हलवण्यात आले. तेथे भूसेनेचे भारतीय कैदी होते. पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झुल्फिकार अली भुट्टो यांनी या छावणीला भेट देऊन भारतीय कैद्यांच्या सुटकेची घोषणा केली. १ डिसेंबर १९७२ रोजी परुळकर आणि त्यांचे सहकारी वाघा सीमेवरून भारतात परतले. पलायन आणि सुटका यांत साडेतीन महिन्यांचे अंतर होते. परंतु ऑगस्टमध्ये भिंत फोडणाऱ्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

सगळेच परतले नाहीत. १९७१च्या युद्धात बेपत्ता झालेल्या ज्या ५४ भारतीय सैनिक-अधिकाऱ्यांची यादी भारत सरकारने वेळोवेळी पाकिस्तानपुढे मांडली, तीत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे नाव आहे. तेही सुखोई-७चे वैमानिक होते आणि परुळकर यांच्या आधी पाच दिवस, ५ डिसेंबर १९७१ रोजी, त्यांचे विमान पाडले गेले. बॅडमिंटनपटू असलेल्या त्यांच्या पत्नी दमयंती तांबे यांनी पुढे अनेक दशके त्यांचा शोध चालू ठेवला. असे कैदी आपल्याकडे नाहीत, अशी भूमिका पाकिस्तानने कायम घेतली. ज्या कैद्याच्या अस्तित्वाची नोंद असते, त्यालाच जिनिव्हा कराराचे संरक्षण उपयोगी पडते. परुळकर यांच्या सुटकेच्या संदर्भात ही बाब महत्त्वाची ठरते.

नंतरची कारकीर्द

मायदेशी परतल्यावर परुळकर पुन्हा सेवेत रुजू झाले. हवाई दल अकादमीत त्यांनी प्रशिक्षक म्हणून काम केले, तसेच पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ते बटालियन कमांडर होते. ग्रुप कॅप्टन या पदावरून ते निवृत्त झाले.

१० ऑगस्ट २०२५ रोजी वयाच्या ८२व्या वर्षी पुणे येथे त्यांचे निधन झाले. पलायनाच्या घटनेला ५३ वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा अवघे दोन-तीन दिवस बाकी होते. भारतीय वायुसेनेने १९७१च्या युद्धाचे वीर अशा शब्दांत त्यांना आदरांजली वाहिली.

सन्मान

वायुसेना पदक : १९६५च्या युद्धात जखमी अवस्थेत नादुरुस्त विमान तळावर परत आणल्याबद्दल.

विशिष्ट सेवा पदक : १९७२मधील युद्धकैद्यांच्या छावणीतून केलेल्या पलायनाबद्दल.

साहित्य आणि चित्रपट

या पलायनावर कॅनेडियन लेखिका फेथ जॉन्स्टन यांनी 'फोर माइल्स टू फ्रीडम' हे इंग्रजी पुस्तक लिहिले असून ते २०१३मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या नावातील चार मैल म्हणजे लंडी कोतल ते सीमा हे राहून गेलेले अंतर. छावणीत त्यांच्यासोबत असलेले धीरेंद्र सिंग जाफा यांनी 'डेथ वॉझन्ट पेनफुल' या आपल्या पुस्तकात कैदेतील दिवसांचे वर्णन केले आहे. परुळकर, ग्रेवाल आणि सिंहजी यांच्या पलायनावर 'द ग्रेट इंडियन एस्केप' हा चित्रपटही निघाला. तरणजीत सिंग नामधारी हे त्याचे दिग्दर्शक आहेत.